कोल्ड रूमचे पाइप आणि सुटे भाग कसे ठरवावेत: मुंबईच्या हवेसाठी, हिशेबासकट

कोल्ड रूमचं काम निघालं की पहिला प्रश्न येतो, "किती एचपीचं मशीन लागेल?" मशीन ठरलं की त्याच्या तोंडाला जो पाइप बसतो तोच पाइप गच्चीपासून तळमजल्यापर्यंत ओढला जातो, आणि दुकानात ज्या टनाचा (थंड करण्याच्या क्षमतेचा) एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, म्हणजे कॉइलमध्ये जाणाऱ्या द्रव गॅसचा दाब उतरवणारी झडप, मिळेल तो लागतो. ही सगळी उलटी गंगा आहे. आधी उष्णतेचा भार, मग कॉइल (खोलीतली नळ्यांची जाळी, जिच्यात गॅस उकळून उष्णता शोषतो), मग कंप्रेसर (गॅस दाबणारं यंत्र), मग पाइप आणि सगळ्यात शेवटी व्हॉल्व्ह, हा क्रम कधीही मोडू नये. कंप्रेसरच्या तोंडाचा व्यास हा कंप्रेसर बनवणाऱ्याच्या सोयीचा असतो. तुमचा पाइप किती लांब आहे आणि किती मजले चढतो, हे त्याला माहीत नसतं.

पुढे एकच उदाहरण शेवटपर्यंत नेतो. दादरला जुन्या तीन मजली इमारतीच्या तळमजल्यावर दूध, पनीर, मावा ठेवायची खोली आहे असं धरू. आतून ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद, २.५ मीटर उंच. ८० मिमीचे पफ (फोम भरलेले) पॅनल, आत २ अंश. आउटडोअर (कंप्रेसर आणि उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर) गच्चीवर, म्हणजे सक्शन पाइपाला (कॉइलमधून गॅस कंप्रेसरकडे नेणाऱ्या पाइपाला) ९ मीटर उभं चढायचं आहे. गॅस आर-१३४ए.

आधी भार

भार चार वाटांनी येतो. वॅटऐवजी दिवसाच्या युनिटमध्ये, म्हणजे किलोवॅट-तासांत मोजला की मालकालाही समजतो, कारण विजेचं बिल तो याच युनिटमध्ये भरतो.

पॅनलमधून शिरणारी उष्णता: भिंती, छत आणि जमीन मिळून ५९ चौ.मी. ८० मिमी पफसाठी दर चौरस मीटरला दर अंशाला ०.२८ वॅट धरा. बाहेर ३५, आत २, फरक ३३ अंश. गुणाकार ५४५ वॅट, दिवसाचे सुमारे १३.१ युनिट.

दारातून येणारी हवा हा मुंबईतला खरा शत्रू, आणि पुण्या-नाशिकच्या हिशेबाने काम करणारे इथेच फसतात. ३० घनमीटरच्या खोलीत दिवसाला साधारण १७ वेळा हवा बदलते असं तक्ते सांगतात. ती सुमारे ५७५ किलो हवा झाली. ३५ अंश आणि ६० टक्के आर्द्रतेची एक किलो हवा २ अंशांवर आणायला साधारण ७९ किलोज्यूल काढावे लागतात. तीच हवा ३५ अंश पण २५ टक्के आर्द्रतेची असती, तर ४६ किलोज्यूलमध्ये काम झालं असतं. थर्मामीटर दोन्हीकडे सारखाच दाखवतो, भार मात्र दीडपटीहून जास्त. आपल्या खोलीत हे १२.६ युनिट होतात, म्हणजे जवळजवळ पॅनलांइतकेच.

शिवाय ही हवा दिवसाला सुमारे १० लिटर पाणी आत आणते, आणि ते सगळं कॉइलवर जमतं. ड्रेन पाइप, फिनमधलं (कॉइलवरच्या पातळ पत्र्यांमधलं) अंतर, डीफ्रॉस्टची (बर्फ वितळवण्याची) वेळ हे सगळं या १० लिटरवर ठरतं. दुकानाचं दार रस्त्याकडे असेल आणि दिवसभर उघडझाप असेल, तर हवेचा आकडा दीडपट ते दुप्पट धरा आणि पट्ट्यांचा पडदा लावूनच घ्या. पडद्याचा खर्च कंप्रेसरच्या एका साइझच्या फरकापेक्षा नेहमीच कमी असतो.

माल: रोज ५०० किलो, २५ अंशांवरून २ अंशांवर. दुधाच्या पदार्थांसाठी दर किलोला दर अंशाला सरासरी ३.५ किलोज्यूल धरले तर ११.२ युनिट. कॉइलचे पंखे, दिवे, आत-बाहेर करणारी दोन माणसं आणि बाकी किरकोळ मिळून ७ युनिट.

बेरीज ४३.९. त्यावर १० टक्के राखीव धरले की ४८.३. हे २४ तासांनी भागायचं नाही, १६ तासांनी भागायचं. खोली २ अंशांवर असली तरी कॉइल शून्याखाली असते आणि तिच्यावर बर्फ धरतो. तो वितळायला कंप्रेसर रोज काही तास थांबलाच पाहिजे. ४८.३ भागिले १६ म्हणजे ३ किलोवॅट. हाच आपला आकडा.

इथे एक प्रश्न मालकाला स्पष्ट विचारा: श्रावण ते गणपती माल किती वाढतो? माव्याचं दुकान असेल तर त्या दिवसांत माल दुप्पट होणं नवल नाही. दुप्पट मालाने बेरीज ५५ च्या वर जाते, राखीव धरून सुमारे ६०. म्हणजे तेच ३ किलोवॅटचं यंत्र रोज २० तास चालेल. ते चालतं, पण तेवढ्या दिवसांसाठी डीफ्रॉस्ट आपोआप होण्यावर सोडू नका, टायमर लावा. सणासाठी म्हणून दीडपट मशीन बसवलं, तर उरलेले दहा महिने ते चालू-बंद, चालू-बंद करत राहील आणि त्यात कंप्रेसरमधून गॅसबरोबर गेलेलं तेल परत येणार नाही. मोठं मशीन म्हणजे सुरक्षित मशीन हा समज या धंद्यात फार महाग पडतो.

कॉइल आणि कंप्रेसर

कॉइल निवडताना खोलीची हवा आणि उकळणारा गॅस यांच्या तापमानातला फरक आधी ठरवा. फरक ५ अंशांच्या आसपास ठेवला तर खोलीत ९० टक्क्यांपर्यंत ओल टिकते, ८ ला साधारण ८५, १० च्या वर गेलं की माल सुकू लागतो. उघडा माल असेल तर हे महत्त्वाचं. आपण ८ घेऊ, म्हणजे गॅस उणे ६ अंशांवर उकळणार. कॅटलॉगमधला आकडा १० अंशांच्या फरकाचा असेल, तर ८ ला त्याचा ८० टक्केच मिळतो. म्हणून पुस्तकात ३.७५ किलोवॅट दिसणारी कॉइल घ्यायची. फिनमधलं अंतर ४ मिमीपेक्षा कमी नको, फ्रीझर असेल तर ६ मिमीच्या पुढे. वर सांगितलेले १० लिटर पाणी आठवा.

कंप्रेसरचा तक्ता उणे ६ ला वाचायचा नाही, उणे ७ ला वाचायचा. सक्शन पाइपात १ अंशाइतका दाब जाणार आहे, तो आधीच धरायचा (दाब घटला की गॅस उकळण्याचं तापमानही उतरतं, म्हणून गेलेला दाब अंशांत मोजतात). दुसरी बाजू कंडेन्सिंगची, म्हणजे गॅस ज्या तापमानाला पुन्हा द्रव होतो त्याची. हवामान खात्याचा पारा ३५ दाखवत असला, तरी गच्चीवर पत्र्याच्या शेडखाली किंवा दोन इमारतींच्या फटीत आउटडोअरला ४० अंशांची हवा मिळते. कधीकधी शेजारच्या एसीने टाकलेली गरम हवाच परत आत ओढली जाते. म्हणून कंडेन्सिंग ५० धरा. उणे ७ आणि ५० या दोन आकड्यांवर ज्या मॉडेलला ३ किलोवॅट मिळतात, ते आपलं मॉडेल. त्यावर एचपी काहीही लिहिलेलं असो.

कंडेन्सरने ३ किलोवॅट आणि कंप्रेसरची वीज मिळून साधारण ४.४ किलोवॅट बाहेर टाकायचे. समुद्राच्या खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमच्या फिन दोन-तीन वर्षांत झिजू लागतात, त्यामुळे लेप दिलेल्या फिनची आणि एक साइझ मोठी कॉइल घेतलेली बरी. ससून डॉक किंवा भाऊच्या धक्क्याजवळचं काम असेल, तर याला पर्यायच नाही.

सक्शन पाइप: सगळी मेख इथे आहे

सक्शन पाइपावर दोन विरुद्ध अटी असतात. पाइप जाड असावा, म्हणजे दाब कमी जाईल. पाइप बारीकही असावा, म्हणजे गॅसचा वेग टिकेल आणि कंप्रेसरमधून निघालेलं तेल त्याच्याबरोबर परत चढेल. एकच अट पाहून पाइप ठरवला की दुसरी हमखास मोडते.

दाबाची मर्यादा अशी: संपूर्ण सक्शन लाइनमध्ये १ अंशाइतकाच दाब जावा. आर-१३४ए मध्ये उणे ६ च्या आसपास १ अंश म्हणजे सुमारे ९ किलोपास्कल. वेगाची मर्यादा: आडव्या पाइपात निदान ४ मीटर प्रतिसेकंद, उभ्या चढावात ८ च्या आसपास.

आता गॅस किती वाहतो ते काढू. ५ अंश सबकूलिंग (द्रव झालेला गॅस कंडेन्सिंगच्या तापमानाहून आणखी थंड होणं) धरून एक किलो आर-१३४ए साधारण १३१ किलोज्यूल उचलतो. ३ किलोवॅटसाठी सेकंदाला २३ ग्रॅम, तासाला सुमारे ८२ किलो. कंप्रेसरकडे परत येताना हा गॅस १० अंशांच्या आसपास तापलेला असतो, तेव्हा त्याचं आकारमान सेकंदाला २.१ लिटर होतं.

लांबी मोजताना नुसती टेप लावू नका. आपला पाइप प्रत्यक्षात १८ मीटर आहे, पण दहा एल्बो (वळणाचे जोड) आणि व्हॉल्व्ह धरून त्याची किंमत २५ मीटरची होते. प्रत्येक एल्बो साधारण अर्ध्या मीटरचा धरायचा. जुन्या इमारतीत तुळया चुकवत पाइप न्यावा लागतो, तिथे एल्बोच पाइपाइतके भरतात.

पाच सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) पाइप घेतला, आतला व्यास सुमारे १४ मिमी: वेग १३.५ मीटर, दाब जातो २८ किलोपास्कल, म्हणजे ३ अंशांहून जास्त. दर अंशाला कंप्रेसरची क्षमता ३ ते ४ टक्के घटते. ३ किलोवॅटचं मशीन विकत घेऊन पावणेतीनचंही काम मिळालं नाही असं होतं, आणि वीज मात्र तेवढीच जाते.

सहा सूत, आतून १७ मिमी: वेग ८.९, दाब १०.६ किलोपास्कल, १.२ अंश. मर्यादेच्या किंचित बाहेर.

सात सूत, आतून २० मिमी: वेग ६.६, दाब ५ किलोपास्कल, अर्ध्या अंशाहून थोडा जास्त. दाबाच्या दृष्टीने उत्तम. पण ६.६ चा वेग ९ मीटरच्या चढावाला पुरत नाही. तेल भिंतीवर चढता चढता परत घसरतं आणि खाली साचतं. महिन्या-दोन महिन्यांनी कंप्रेसरच्या काचेत तेल दिसेनासं होतं, कोणीतरी वरून तेल भरतं, आणि एक दिवस साचलेलं सगळं तेल एकदम येऊन कंप्रेसरची व्हॉल्व्ह प्लेट फोडतं.

म्हणून उत्तर एका पाइपात नाही. आडवा भाग सात सूत, उभा ९ मीटरचा भाग सहा सूत. उभ्यात ३.८ आणि आडव्यात ३.२, मिळून ७ किलोपास्कल, म्हणजे पाऊण अंश. आडव्यात वेग ६.६, उभ्यात ८.९. दोन्ही अटी पाळल्या गेल्या. खर्चाचा फरक एका रिड्यूसरच्या (जाड आणि बारीक पाइप जोडणाऱ्या) जोडाचा.

चढावाच्या पायथ्याशी ट्रॅप (तेल साचून गॅसबरोबर वर ढकललं जावं म्हणून दिलेला यू-आकाराचा वाक) द्या, आणि दर ५-६ मीटरला आणखी एक. आपल्याकडे पायथ्याला एक आणि मध्ये एक पुरतो. ट्रॅप लहान ठेवा, शक्यतो तयार यू-बेंड वापरा. दोन एल्बोंमध्ये हातभर पाइप टाकून केलेल्या ट्रॅपमध्ये नको तितकं तेल अडकतं. गच्चीवर पोचल्यावर पाइप उलटा वळवून मगच कंप्रेसरकडे उतरवा, म्हणजे मशीन बंद असताना तेल परत चढावात पडत नाही. आडव्या पाइपाला कंप्रेसरच्या दिशेने दर मीटरला ५ ते १० मिमी उतार. स्पिरिट लेव्हल लावून पाहा, डोळ्यांवर विसंबू नका. जुन्या इमारतींच्या भिंती स्वतःच सरळ नसतात.

इन्व्हर्टर (भाराप्रमाणे फेरे कमी-जास्त करणारा) कंप्रेसर असेल तर हा हिशेब सगळ्यात कमी फेऱ्यांवर पुन्हा करा. ४० टक्क्यांवर ८.९ चा वेग साडेतीनवर येतो. तिथे एक बारीक आणि एक जाड असे दोन चढ-पाइप शेजारी लावतात. कमी भारावर जाड पाइपाच्या पायथ्याचा ट्रॅप तेलाने भरून बंद होतो आणि सगळा गॅस बारीक पाइपातून जातो. भार वाढला की दाबाने ते तेल निघून जातं आणि दोन्ही पाइप चालू होतात.

फ्रीझरला ही मोजमापं जशीच्या तशी लावू नका. आर-४०४ए या गॅसमध्ये उणे ६ ला १ अंश म्हणजे सुमारे १६ किलोपास्कल, उणे २५ ला मात्र १० च्या आतच. खाली गेलं की सूट कमी होत जाते. गॅस बदलतानाही हेच. भारतात आर-२२ चा वापर २०३० पर्यंत संपवायचा आहे, त्यामुळे जुन्या खोल्यांचा गॅस बदलण्याची कामं येतात. त्याच क्षमतेसाठी आर-१३४ए चं आकारमान आर-२२ च्या दीडपटीहून जास्त असतं. जुना पाइप तसाच ठेवून नवा गॅस भरणं म्हणजे वर दाखवलेल्या पाच सुताच्या फेऱ्यात स्वतःहून अडकणं.

लिक्विड आणि डिस्चार्ज

लिक्विड लाइन (कंडेन्सरकडून एक्स्पान्शन व्हॉल्व्हकडे द्रव नेणारा पाइप) सोपी. तीन सुतात वेग ०.४ मीटर, २५ मीटरला ८ किलोपास्कलही जात नाहीत. दोन सूत घेतला तर ८० च्या वर जातात आणि अडीच अंश सबकूलिंग गमावतं. तीन सूतच घ्या. आपला कंडेन्सर वर आहे, त्यामुळे लिक्विड उतरताना ९ मीटरला जवळजवळ १ बार दाब मिळतो. उलट मांडणी असेल, म्हणजे आउटडोअर खाली आणि खोली वर, तर तोच १ बार जातो. ५ पैकी ३ अंश सबकूलिंग नुसत्या उंचीत संपतं आणि व्हॉल्व्हच्या तोंडाशी फेस येतो. साइट ग्लास (पाइपात फेस आहे का ते पाहायची काच) व्हॉल्व्हजवळ बसवा. आउटडोअरपाशी बसवलेली काच वरचं सांगते, खाली काय पोचतंय ते सांगत नाही.

डिस्चार्ज लाइन (कंप्रेसरकडून कंडेन्सरकडे जाणारा पाइप) कंडेन्सिंग युनिटच्या, म्हणजे आउटडोअरच्या, आतच असते. तिचा विचार कंडेन्सर वेगळा लावला तरच करायचा.

रिसीव्हर (द्रव गॅस साठवायची टाकी) एवढा हवा की पंप-डाउन केल्यावर, म्हणजे कॉइलमधला गॅस ओढून घेतल्यावर, सगळा गॅस त्यात ८० टक्क्यांपर्यंतच भरेल. कॉइलजवळ सॉलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडझाप होणारी झडप) लावून प्रत्येक वेळी पंप-डाउन होऊनच मशीन थांबू द्या. सॉलेनॉइड पाइपाच्या साइझवर घेऊ नका, वाहणाऱ्या गॅसवर घ्या. फार मोठा घेतला तर तो पुरता उघडायला लागणारा दाबाचा फरकच मिळत नाही.

एक्स्पान्शन व्हॉल्व्ह

व्हॉल्व्हवर लिहिलेला टन हा ठरावीक परिस्थितीतला असतो. आपली परिस्थिती काढा: ५० अंशांना १३.२ बार, उणे ६ ला २.३ बार, मधला फरक १०.९. त्यात उतरणाऱ्या लिक्विडचा १ बार मिळतो. डिस्ट्रिब्यूटर (कॉइलच्या नळ्यांत गॅस वाटणारा भाग), ड्रायर (ओल शोषणारा भाग) आणि सॉलेनॉइड मिळून त्याहून थोडं जास्त खातात. उरतात साधारण १० बार. कंपनीच्या तक्त्यात १० बार आणि ४५ अंश लिक्विड या ओळीला ३ किलोवॅट किंवा किंचित जास्त देणारा ऑरिफिस (व्हॉल्व्हमधलं बारीक भोक) घ्या. मोठा घेतला तर व्हॉल्व्ह सतत उघडझाप करतो, सुपरहीट (कॉइलमधून निघणारा गॅस उकळण्याच्या तापमानाहून जितका जास्त तापलेला असतो ते अंश) एका मिनिटात ३ वरून १२ वर आणि परत खाली येतं, आणि मधल्या काळात लिक्विड कंप्रेसरपर्यंत जातं.

जानेवारीच्या रात्री कंडेन्सिंग ३३-३५ पर्यंत उतरलं की हा फरक ६ बारपर्यंत येतो आणि व्हॉल्व्हची क्षमता तीन चतुर्थांशांवर. मुंबईत अशा रात्री थोड्याच असतात आणि तेव्हा भारही कमी असतो. कंडेन्सरच्या पंख्याला प्रेशर स्विच लावला की पुरतं.

डिस्ट्रिब्यूटर असेल तर बाहेरून इक्वलायझर (कॉइलच्या शेवटचा दाब व्हॉल्व्हला कळवणारी नळी) जोडलेलाच व्हॉल्व्ह हवा, आणि ती नळी बल्बच्या (सक्शन पाइपाचं तापमान व्हॉल्व्हला कळवणाऱ्या भागाच्या) पुढे, कंप्रेसरच्या बाजूला जोडायची. बल्ब आडव्या पाइपावर: पाच सुतापर्यंत माथ्यावर, सात सुताच्या पुढे घड्याळातल्या ४ किंवा ८ च्या जागी. तळाशी कधीच नाही, तिथून तेल वाहतं. पितळी पट्टीने घट्ट आवळा आणि वरून इन्सुलेशन करा.

इन्सुलेशनही मोजूनच

पाइपावरचं काळं रबर बहुतेक ठिकाणी अंदाजाने लागतं, आणि जूनमध्ये छतातून पाणी ठिबकायला लागतं. पावसाळ्यात ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेला दवबिंदू २७ अंशांच्या वर असतो. म्हणजे रबराचा पृष्ठभाग हवेपेक्षा ३ अंशांनीही थंड झाला तर त्यावर पाणी धरणार. सात सुताच्या पाइपात ५ अंश धरले, तर १३ मिमीचं रबर ५ अंशांनी थंड राहतं आणि धो धो गळतं. १९ मिमीचं ३.३ अंशांनी, तेही ओलं राहतं. २५ मिमीचं अडीच अंशांच्या आत राहतं आणि कोरडं दिसतं. मुंबईत सक्शनला २५ मिमी लावा. जोड चिकटवून घ्या आणि क्लॅम्पखाली रबर दाबलं जाऊ देऊ नका. जिथे ते चेपलं, तिथूनच पहिला थेंब पडतो.

चालू केल्यावर तपासणी

ब्रेझिंग करताना पाइपातून नायट्रोजन सोडत राहा, व्हॅक्यूम ५०० मायक्रॉनपर्यंत खेचा, आणि पावसाळी हवेत कंप्रेसरची तोंडं उघडी ठेवू नका. आर-१३४ए बरोबर येणारं तेल हवेतली ओल झपाट्याने पितं.

खोली २ अंशांवर स्थिर झाली की दोन ठिकाणी गेज लावा: कॉइलच्या तोंडाशी आणि कंप्रेसरच्या सक्शनला. दोन्ही दाब तक्त्यावरून तापमानात बदला. फरक १ अंशाच्या आत असेल तर पाइपांचा हिशेब जमला. कॉइलच्या बाहेर सुपरहीट ५-६ अंश हवं. कंप्रेसरच्या काचेत तेलाची पातळी सुरुवातीला मार्करने नोंदवा, २४ तासांनी पाहा, आणि आठवड्याने पुन्हा पाहा. आठवड्याने पातळी खाली गेली असेल तर तेल भरू नका, आधी चढावातला वेग आणि ट्रॅप तपासा.